गेलेल्या माणसाबरोबर काय जाते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

'मी नवीनच आलोय, माहिती घेऊन सांगतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. बँकेच्या खिडकीवर, तहसील कचेरीत, शाळेच्या ऑफिसात, प्राथमिक आरोग्य केंद्रात. बोलणारा खोटे बोलत नसतो, तो खरोखरच नवीन असतो. त्याच्या आधीचा माणूस बदलून गेलेला असतो किंवा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि आपले अर्धवट राहिलेले काम त्या गेलेल्या माणसाच्या डोक्यात असते. मग आपण पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो. हा झाला आपला त्रास. पण माणसे भराभर बदलत राहिली, तर त्या संस्थेचे आतून काय होते? आज त्याबद्दल बोलायचे आहे, आणि त्यासाठी पालघर, बोईसर, तारापूरचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवायचा आहे.

हा पट्टाच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि निरनिराळ्या प्रांतांतली माणसे बोईसरच्या कॉलनीत राहायला आली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा कारखान्यांसाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले, आजूबाजूच्या पाड्यांवरचे आदिवासी तरुणही आले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेली आणि मुंबईहून अप-डाउन करणे सोपे झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, तो राज्याचा छत्तिसावा जिल्हा. नवी कार्यालये आली, नवे अधिकारी आले. ठाण्याच्या कपाटांतले विषय पालघरच्या कपाटांत आले. थोडक्यात, इथे 'नवीनच आलोय' म्हणणारा माणूस प्रत्येक फाटकावर भेटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय जाते?

कामाची माहिती दोन प्रकारची असते. एक कागदावरची: नियम, नकाशे, रजिस्टरे, संगणकातल्या नोंदी. माणूस गेला तरी ती राहते. दुसरी हाताची आणि कानाची. अमुक टाकीचा काटा नेहमी थोडा कमी दाखवतो. तमुक व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखा वाटतो, पण त्याला आणखी अर्धा फेरा द्यावा लागतो. पंपाचा आवाज असा बदलला की तासाभरात सील जाणार. शाळेतल्या जुन्या गुरुजींना ठाऊक असते, की दिवाळी झाली की कोणत्या पोराचे आईबाप वीटभट्टीवर जाणार, आणि ते पोर आजीपाशी ठेवायचे तर कोणाशी बोलायला हवे. हे कुठल्याही रजिस्टरात नसते. कोणी ते मुद्दाम लपवलेलेही नसते. ते लिहून ठेवण्याजोगे आहे असे त्या माणसाला कधी वाटलेलेच नसते, कारण त्याच्या दृष्टीने ते सगळ्यांनाच माहीत असते. आणि तो जातो त्या दिवशी ते कोणालाच माहीत नसते.

ब्रिटनमधले रासायनिक सुरक्षेचे जाणकार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी आयुष्यभर अपघातांचा अभ्यास केला. संस्थांना स्मरणशक्ती नसते आणि म्हणून तेच अपघात पुन्हा पुन्हा होतात, हा त्यांच्या १९९३ सालच्या एका पुस्तकाचा विषयच आहे. आठवण असते ती माणसांना, आणि माणसे तर नोकऱ्या बदलतात. या विचाराची खरी किंमत कळण्यासाठी त्यांच्याच देशातली एक घटना पाहू. तारापूरच्या रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो नावाच्या गावी नायलॉनचा कच्चा माल तयार करणारा एक मोठा कारखाना होता. तिथे सहा रिॲक्टर एकापुढे एक जोडलेले होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिॲक्टरला तडा गेलेला दिसला. तो काढायचा आणि चौथ्यातून थेट सहाव्यात पाइप टाकून उत्पादन चालू ठेवायचे, असे ठरले. असा पाइप टाकणे हे यंत्र-अभियंत्याचे काम. आतल्या दाबाने पाइपवर किती जोर येईल, सांधे तो सोसतील का, खालून आधार कसा द्यायचा, हे सगळे गणित मांडावे लागते. पण कारखान्याचे मुख्य अभियंता त्याच वर्षाच्या सुरुवातीला नोकरी सोडून गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. उरलेल्या माणसांनी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने पाइपचे चित्र काढले, त्याबरहुकूम पाइप तयार केला आणि परांचीवर टेकवून बसवला. दोन महिने तो चालला. १ जून १९७४, शनिवारी संध्याकाळी तो पाइप निखळला, आतली वाफ बाहेर पसरली आणि तिने पेट घेतला. अठ्ठावीस माणसे मेली. त्यांतली अठरा नियंत्रण कक्षातली होती. शनिवार नसता, कचेरीतले लोकही हजर असते, तर आकडा कितीतरी वाढला असता.

इथे नीट लक्ष द्या. ती माणसे आळशी नव्हती, बेफिकीरही नव्हती. काम अडले होते, ते त्यांनी आपल्या परीने मार्गी लावले. आपल्याला काय येत नाही, हेच त्यांना माहीत नव्हते. 'थांबा, हे गणित मांडल्याशिवाय करायचे नाही' असे म्हणणारा माणूस तिथून गेलेला होता. रिकामी खुर्ची दिसते, रिकामा राहिलेला प्रश्न मात्र दिसत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये आपल्याकडे भोपाळ झाले. त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर खूप लिहिले गेले आहे. पण एक बाब आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तोट्यात चाललेल्या त्या कारखान्यात खर्च कमी करण्याच्या नादात विषारी वायूच्या विभागातले प्रत्येक पाळीचे ऑपरेटर बारावरून सहावर आणले गेले होते. अनुभवी माणसे आधीच निघून जात होती. यंत्रे तीच राहिली, त्यांना ओळखणारे कमी होत गेले.

आता आपल्या तारापूरच्या वसाहतीत या. इथे स्फोट झाले, आगी लागल्या, वायू गळले, माणसे गेली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळचा स्फोट परिसरातले लोक अजून विसरलेले नाहीत. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते आणि चौकशीशिवाय त्यावर बोलणे बरोबर नाही. माणसे बदलत राहिल्यामुळेच हे झाले, असे मी म्हणत नाही. पण ज्या कामात चूक जिवावर बेतते, त्या कामावर माणूस किती दिवस टिकतो, हे विचारायलाच हवे.

एक उदाहरण घेऊ. औषधे आणि रंगांच्या मध्यवर्ती रसायनांसाठी नायट्रेशन नावाची प्रक्रिया करतात. रिॲक्टरमध्ये हळूहळू ॲसिड सोडायचे, बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी किंवा ब्राइन फिरवायचे आणि आतला ॲजिटेटर, म्हणजे ढवळण्याचे यंत्र, सतत चालू ठेवायचा. या प्रक्रियेत उष्णता फार निर्माण होते. समजा, ॲजिटेटर मध्येच बंद पडला आणि ॲसिड मात्र आत येत राहिले. ढवळलेच जात नाही म्हणून ते नुसते साचते. तापमानाचा काटाही शांत दिसतो. अशा वेळी नवा माणूस काय करील? कोणीही करील तेच. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू करील. आणि तिथेच घात होतो, कारण साचलेले सगळे ॲसिड एकदम मिसळते, उष्णता एकदम उसळते आणि मग ती आवरणे कोणाच्या हातात राहत नाही. जुना ऑपरेटर आधी ॲसिड बंद करतो, बटणाला हात लावत नाही आणि वरिष्ठांना बोलावतो. दोघांच्या वागण्यात फरक आहे तो हुशारीचा नाही. एकाला हे कोणीतरी सांगितलेले आहे, दुसऱ्याला सांगायचे राहून गेले आहे.

मग माणसे टिकत का नाहीत? 'आजकालच्या पोरांना काम नको' असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. टिकू नये अशी व्यवस्थाच आपण बरीच वर्षे चालवली. औद्योगिक विवाद अधिनियमात वर्षातले २४० दिवस काम झाले की कामगाराला काही संरक्षण मिळत असे. ते द्यावे लागू नये म्हणून त्याआधीच त्याला 'ब्रेक' देण्याची प्रथा पडली. ब्रेक हा शब्द वसाहतीतल्या कुठल्याही कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्यात पाच वर्षांच्या सलग सेवेची अट होती. मग पाच वर्षे पुरी होऊच द्यायची नाहीत, असा हिशेब काही ठिकाणी होऊ लागला. ठेकेदार बदलला की त्याच फाटकातून तोच माणूस 'नवा' म्हणून आत येतो, नाहीतर येतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कागदावर हे पाऊल चांगले आहे. पण कायद्याने पैसे मिळतील, अनुभव आपोआप मिळणार नाही. माणूस वर्षभराने जाणारच असे धरून चालणारा कारखाना त्याला शिकवण्यावर वेळ का घालवील?

या हिशेबात एक अन्यायही आहे. माणूस बदलल्याने वाचणारा पैसा एका खिशात जातो, आणि त्या बदलाचा धोका मात्र दुसऱ्याच्या अंगावर येतो. तो दुसरा म्हणजे रात्रपाळीला रिॲक्टरपाशी उभा असलेला, कामावर येऊन पंधरा दिवस झालेला मुलगा.

याच्या अगदी उलट चित्र याच परिसरात, समुद्राकडे, पाहायला मिळते. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने उभारल्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचे सहकार्य आटत गेले. ज्यांनी यंत्र बनवले त्यांचाच आधार तुटला. तरीही त्या भट्ट्या दुरुस्त्या करत, क्षमता थोडी कमी करून, पन्नास वर्षांहून अधिक काळ चालल्या आणि २०२० मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी थांबवल्या गेल्या. हे कसे जमले? त्याच यंत्रांवर वर्षानुवर्षे काम केलेली माणसे कॉलनीत राहत होती, हे एक मोठे कारण. तिथे नियंत्रण कक्षात बसायचे तर परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि ठरावीक काळाने तो पुन्हा सिद्ध करावा लागतो. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळे समजावून सांगितल्याशिवाय उठत नाही. अणुऊर्जेबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. कंत्राटी कामगार तिथेही आहेत. पण काम सोपवायचे कसे, याची शिस्त वसाहतीतल्या लहान कारखान्याने तिथून शिकण्यासारखी आहे.

सरकारी कचेऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बदली हा शाप नाही, तिच्यामागे हेतू आहे. एकाच खुर्चीत माणूस फार वर्षे राहिला की हितसंबंध तयार होतात. म्हणूनच महाराष्ट्रात २००५ साली बदल्यांचा कायदा झाला आणि एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी ठरला. त्याआधी बदली करायची तर कारण लेखी द्यावे लागते. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाल हवा, असे सांगितले. म्हणजे फार थांबू नये आणि फार लवकर जाऊही नये, दोन्ही गोष्टी मान्य झालेल्या आहेत. अडचण येते ती पाळण्यात, आणि त्याहून जास्त, 'चार्ज' देण्याच्या पद्धतीत.

आपल्याकडे चार्ज देतात म्हणजे काय करतात? डेड स्टॉक रजिस्टर तपासतात. खुर्च्या किती, टेबले किती, कपाटाच्या किल्ल्या किती. दोघांच्या सह्या होतात, चहा होतो, निरोप समारंभ होतो. पण अमुक गावाला आपण कोणता शब्द दिला होता, तो कुठे अडला आहे, कोणत्या फायलीमागे कोणाचे घर आहे, हे कुठल्याच यादीत येत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या, पण पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळले, न्यायालयापर्यंत गेले. अशा प्रश्नात गावकरी तेच राहतात आणि टेबलापलीकडचा माणूस बदलत राहतो. प्रत्येक नव्या साहेबापुढे आपल्या घराची, विहिरीची, झाडांची कहाणी पहिल्यापासून सांगायची. दोनदा, चारदा सांगून माणूस थकतो. आणि थकलेला माणूस गप्प बसला की कचेरीला वाटते, प्रश्न मिटला.

जव्हार, मोखाड्याकडे याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून तिथे किती योजना आल्या आणि किती अधिकारी आले-गेले! दुर्गम भागातली नेमणूक म्हणजे शिक्षा, असाच समज असतो. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राचे वर्ष काढायला आलेला तरुण डॉक्टर रस्ते आणि माणसे ओळखू लागतो तोवर त्याची जायची वेळ होते. त्याचा दोष नाही. पण या सगळ्या व्यवस्थेत कोण टिकते? अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती. कारण त्या तिथल्याच. कोणते मूल दोन आठवड्यांत उतरले आहे, कोणती बाई सातव्या महिन्यात भट्टीवर जायला निघाली आहे, हे त्यांना ठाऊक असते. खरी आठवण त्यांच्यापाशी, आणि मानधन, अधिकार, बैठकीतली खुर्ची या सगळ्यांत त्या शेवटच्या. जो थांबतो त्याला सर्वांत कमी आणि जो जाणार आहे त्याच्या हाती सर्व, असा हा उलटा कारभार आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग माणसे बदलूच नयेत का? तसे मुळीच नाही. जेम्स मार्च नावाच्या अमेरिकन विद्वानांनी १९९१ साली संस्था कशा शिकतात यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांच्या मांडणीत एक निष्कर्ष असा निघतो, की थोडीफार ये-जा संस्थेला उपकारकच असते. सगळे जुने झाले की सगळे एकसारखा विचार करू लागतात. नवा माणूस वेडे प्रश्न विचारतो आणि त्यातूनच काही नवे सुचते. आपणही हे पाहतो. 'आमच्याकडे असेच चालते' हे वाक्य 'मी नवीनच आलोय' याच्याइतकेच घातक आहे. काही जुनी माणसे आपले ज्ञान मुठीत झाकून ठेवतात, म्हणजे त्यांच्यावाचून कोणाचे पान हलू नये. तेव्हा जुन्याची पूजा नको आणि नव्याची चेष्टाही नको. प्रश्न आहे तो सोपवण्याचा.

सोपवायचे कसे, याचा एक नमुना आपल्या राज्यघटनेतच आहे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, बाकीचे राहतात. आपल्या विधान परिषदेचेही तसेच. नवे येतात तेव्हा शिकवायला जुने हजर असतात. हीच गोष्ट गृहनिर्माण सोसायटीच्या समितीला, बचत गटाला, वाचनालयाला, गणेशोत्सव मंडळाला का करता येऊ नये? जिथे नियम परवानगी देतात तिथे सगळी समिती एका दिवशी बदलण्याऐवजी थोडी थोडी बदलावी. आणि जिथे सगळेच एकदम बदलतात तिथे जुन्या चिटणिसाने निदान दोन महिने बैठकीला येऊन बसावे.

दुसरे, चार्जच्या यादीत खुर्च्यांबरोबर चार प्रश्न घालावेत. अर्धवट काय राहिले आहे? कोणाला काय कबूल केले आहे? इथे पूर्वी काय बिघडले होते? आणि कोणाला विचारले तर खरे कळेल? एका पानात मावेल एवढेच. शिवाय नियमाबरोबर त्याचे कारणही लिहावे. 'ॲजिटेटर बंद पडल्यास परत चालू करू नये' एवढेच लिहिले तर घाईच्या रात्री ते मोडले जाते. का करू नये हे माहीत असेल तर हात आपोआप थांबतो.

तिसरे, कारखान्यांसाठी. प्रत्येक पाळीत सहा महिन्यांहून कमी अनुभवाची माणसे किती आहेत, हा आकडा उत्पादनाच्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहावा. निम्म्याहून अधिक नवी असतील तर त्या रात्री धोक्याची बॅच घेऊ नये. नव्याला एका जुन्याची जोडी द्यावी, आणि शिकवण्याच्या कामाबद्दल त्या जुन्या माणसाला चार पैसे जास्त द्यावेत. सातपाटीचा तांडेल काही पुस्तकातून तयार होत नाही. तो आधी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी असतो, वाऱ्याचे आणि पाण्याचे बोलणे ऐकतो आणि मगच सुकाणू हातात घेतो. रिॲक्टर काही समुद्राहून कमी लहरी नाही.

आणि शेवटची विनंती आहे ती जाणाऱ्यांना. तुमची बदली झाली असेल, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असतील, ठेकेदाराने ब्रेक दिला असेल, तर तुम्ही जाणार, जायलाच हवे. संस्थेने तुमच्याशी वागताना हिशेब केला असेल, तुम्हालाही राग असेल. पण तुमच्या जागी येणाऱ्या पोराने तुमचे काही बिघडवलेले नाही. त्या काट्याबद्दल, त्या व्हॉल्व्हबद्दल, त्या गावाला दिलेल्या शब्दाबद्दल त्याला जाण्यापूर्वी सांगून जा. त्याला लागतात दहा मिनिटे.